उतरवणारे मिस्तरी

कोणाच्याही घरी गेले की मिस्तरी आधी वर बघायचे. घरातली माणसं "या, बसा" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि हे उंबऱ्यातच उभे, डोळे आढ्याला. पंखा, फळीवरचं पिंप, माळ्यावरची पेटी, सगळं एकदा नजरेखालून घालायचे आणि विचारायचे, "हे वर कोणी चढवलं?"

"मीच की!" घरधनी खुशीत सांगायचा.

"आणि उतरवणार कोण?"

याचं उत्तर आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत कोणाकडे नसायचं. मग मिस्तरी पाणी प्यायचे.

त्यांचा धंदाच तो होता. गिरण्यांत अवजड यंत्रं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नसतो. दोर, कप्पी, पहार आणि ओळंबा एवढ्यावर तो दहा टनांची वस्तू हलवतो. मिस्तरी शिरपूरकडून सुरतेला आले ते तरुणपणी, आणि इथल्या खलाशांत त्यांनी स्वतःची एक वेगळी वाट काढली. चढवायचं काम ते घेत नसत. फक्त उतरवायचं. "चढवताना दहा जण आपणहून हात लावतात," ते म्हणायचे. "उतरवताना हात शोधावे लागतात."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे मी कोणापासून लपवत नाही. बापानं आयुष्य यंत्रमागावर काढलं, मायनं कांड्या भरल्या, आणि मी पदवी घेऊन मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. मिस्तरी आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर फट होती. त्यांच्या घरातला खोकला आमच्या घरात ऐकू यायचा आणि आमची भांडणं त्यांच्या घरात. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय बीएस्सी!" म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती हे मला कधी कळलं नाही, पण मला ते आवडायचं.

त्यांच्या कामाची एक गोष्ट माझा बाप नेहमी सांगायचा. साठच्या पुढचं साल असेल. एका गिरणीत वरच्या मजल्यावरचं जुनं इंजिन खाली आणायचं होतं. शेठनं विचारलं, "मिस्तरी, केटला दिवस?"

"चार."

"अरे, चढाव्युं त्यारे तो एक ज दिवस लाग्यो तो!"

"म्हणून तर चार, शेठ. एका दिवसात कसं चढवलं ते आधी शोधावं लागेल."

शेठ रागावले, पण दुसरा माणूस मिळेना. तीन दिवस मिस्तरींनी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. नुसते त्याच्याभोवती फिरले, खाली जाऊन वर बघितलं, वर येऊन खाली बघितलं, भिंतीला कान लावला. चौथ्या दिवशी दोर बांधले. शेठ कौतुकानं खाली येऊन उभे राहिले तर मिस्तरींनी काम थांबवलं. "वजन उतरत असताना खाली माणूस नको. शेठ असला तरी नको." शेठना लिंबाखाली खाटेवर बसवलं तेव्हाच पहिली हाक गेली, "सोऽड... धर. सोऽड... धर. आस्ते..." बाप म्हणायचा, इंजिन जमिनीला टेकलं तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. दरवेळी सांगताना तो हाताचा तळवा असा हळूच चटईवर टेकवून दाखवायचा.

त्याच बापाला मिस्तरींनी उतरवलं.

आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जमिनीवर घेतात, खाली घोंगडी, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी. अधांतरी जाऊ नये, भुईवर जावं. गावाकडं हे सोपं असतं. लिंबायतमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, म्हणून प्रत्येक खोलीत फळ्यांचा माळा आणि माळ्याला उभी शिडी. आजारी माणूस पायांत नको म्हणून त्याला माळ्यावर टाकायचे. मग त्याला शेवटी भुईवर आणायचं कोणी? गल्लीनं ते काम मिस्तरींना दिलं. कधी दिलं, कोणी दिलं, कोणाला आठवत नाही.

चौऱ्याहत्तर साली बाप माळ्यावर होता. छातीचा भाता झाला होता. मायनं मला त्यांच्याकडे धाडलं. ते आले, शिडी चढले, बापाच्या पायाची नखं बघितली, अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "अजून नाही. चहा पाजा त्याला." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता आले, नखं बघितली आणि धोतराचा काचा मारला. "आता."

मी त्यांना एका माणसाला उतरवताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चादर बापाच्या काखेतून घेतली, डोकं स्वतःच्या छातीला लावलं आणि एकेक पायरी उतरताना त्याच्या कानाशी बोलत होते, "धरलंय बरं का. सोडतोय... धरलंय. ही एक झाली. आता हे पाय टेकले, बघ, टेकले." बापाचे डोळे उघडे होते. तो भुईवर आला, त्यानं तळवा जमिनीला लावला, आणि तासाभरात गेला. मी त्यांच्या पाया पडलो तर म्हणाले, "माझं काय त्यात. वेळ कळली म्हणजे झालं."

वेळ त्यांना कळते, ही गल्लीची खात्री होती. त्यामुळे माणसं त्यांना घाबरायचीही. एकदा ते सुकलाल रिक्षावाल्याकडे साखर मागायला गेले. सुकलालची आजी दोन दिवस तापानं पडली होती. दारात मिस्तरी दिसले तशी म्हातारी ताडकन उठून बसली. "ए मिस्तरी, मी चांगली शे! आत्तेच दोन भाकरी खाद्यात मी. तू जाय आपला घर!" सगळी गल्ली महिनाभर हसत होती. मिस्तरीही हसले. पण त्यानंतर ते कोणाकडे साखर मागायला गेले नाहीत.

जिजी त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. मोठी अंगापिंडाची, मोठ्या आवाजाची बाई. संध्याकाळी ओट्यावर बसून ती अख्खी गल्ली चालवायची. कोणाची सून काय बोलली, कोणाचं पोर शाळेला गेलं नाही, नळाला पाणी किती वाजता येणार, सगळं तिच्या बैठकीत ठरायचं. मला म्हणायची, "तू मोठा मास्तर व्हयना, पन चप्पल उलटी टाकनं सोडं नही." आणि मी चप्पल सरळ करायचो.

अडुसष्टच्या पुरात, सुरतेतले लोक त्याला रेल म्हणतात, त्यांच्या खोलीत कमरेएवढं पाणी आलं होतं. जिजी दोन दिवस पेटीवर उभी होती. पाणी ओसरल्यावर मिस्तरींनी माळा बांधला तो गल्लीतला सगळ्यात मजबूत माळा. सागाच्या फळ्या, लोखंडी तुळई. "आता रेल आली तरी हिच्या पायाला पाणी लागणार नाही," म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला "उतरवणार कोण" विचारलं, त्यानं चढवायचं म्हणून केलेलं हे एकच काम.

सत्त्याहत्तर साली जिजी माळ्यावर धान्य काढायला गेली आणि तिथंच पडली. डावं अंग गेलं. बोलणं थोडं जड झालं, पण राहिलं. डॉक्टर शिडीवरून कसेबसे वर जाऊन आले. म्हणाले, फार हलवू नका. तेव्हापासून ती माळ्यावर. पत्र्याखाली, दोन उन्हाळे. मिस्तरी पत्र्यावर गोणपाट टाकून दर तासाला पाणी मारायचे. तिचं सगळं स्वतः करायचे, न्हाऊ घालण्यापासून वेणीपर्यंत. दिवसातून वीसदा शिडी चढायचे-उतरायचे. बाहेरची कामं घेणं त्यांनी सोडलंच. खाली खोलीभर त्यांचे दोर, साखळ्या, कप्प्या पडलेल्या, आणि वर जिजी.

भिंतीवरच्या फटीतून रोज ऐकू यायचं.

"ओ, माले खाले ली चला ना."

"आजून येळ नही व्हयनी."

"ली चला ना, ओ."

"आजून नही म्हनं ना तुले!"

माय पदर डोळ्याला लावायची. "जिजीले जावानी घाई व्हई गयी," म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. आजारी बाई कंटाळली आहे, मरण मागते आहे. मिस्तरी मला एकदा ओट्यावर म्हणाले, "बीएस्सी, माझ्या हातानं उतरलेलं माणूस परत उठलेलं नाही. एकही नाही. तिला मी कसं उतरवू?" मी त्यांना विडी पेटवून दिली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात स्कायलॅबच्या बातम्या यायला लागल्या. अमेरिकेनं आकाशात ठेवलेली प्रयोगशाळा, एखाद्या इमारतीएवढी, सत्तर-पंचाहत्तर टनांची, आता पृथ्वीवर पडणार. कुठं ते कोणी सांगू शकत नाही. मिस्तरी पेपर घेऊन माझ्याकडे आले.

"वाच."

मी वाचून दाखवलं.

"आत माणसं आहेत?"

"नाही. पाच वर्षं रिकामीच फिरते आहे."

"आणि उतरवायची सोय?"

"तशी काही केलेली दिसत नाही."

मिस्तरी इतके चिडले की उभेच राहिले. "पंचाहत्तर टन वर चढवलं आणि उतरवायचं ठरवलंच नाही? एवढे शिकलेले लोक! तुझ्यासारखे!"

"त्यांना वाटलं होतं अजून वेळ आहे," मी म्हणालो. "नवीन यान तयार होणार होतं. ते जाऊन हिला परत वर ढकलणार होतं. पण त्याला उशीर झाला, आणि इकडं सूर्यावर खळबळ वाढली, वरची हवा फुगली. म्हणून ठरल्यापेक्षा आधीच खाली यायला लागली."

"म्हणजे वाट बघत बसले."

"हो."

त्यांनी पेपर माझ्या हातातून परत घेतला. मग विचारलं, "दोर नाही, कप्पी नाही. मग तिला आस्ते कोण करतं?"

"हवा."

"हवा?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मी थट्टा करतोय का म्हणून. मग पेपरची घडी करून स्वतःला वारा घातला. आडवी घडी, मग उभी घडी. आणि दुसऱ्या दिवशी सुकलालची रिक्षा थांबवली.

सुकलाल अजून ती गोष्ट सांगतो. मिस्तरी मागं बसले, हातात जेवायची मोठी परात. म्हणाले, पर्वत पाटियाकडं मोकळा रस्ता आहे, तिकडं जोरात ने. रिक्षा वेगात आली तशी त्यांनी परात बाहेर काढली. आधी कड पुढं करून धरली, मग तोंड पुढं करून. तोंड पुढं केलं तशी परात हातातून सुटली आणि मागं उडाली ती सायकलवरून येणाऱ्या एका माणसाच्या पुढ्यात. "तो मला शिव्या देतोय," सुकलाल म्हणतो, "आणि हा बाबा मागं बसून हसतोय. 'कळलं रे सुकलाल, कळलं!' मी म्हटलं, काय कळलं? परात गेली की!"

संध्याकाळी चेपलेली परात घेऊन माझ्याकडे आले. "तोंड हवेला दिलं तर लवकर पडेल, कड दिली तर उशिरा. बरोबर?"

मी थक्क झालो. वर्तमानपत्रात नेमकं तेच आलं होतं. जमिनीवरून संदेश पाठवून ते लोक प्रयोगशाळेची नुसती बाजू फिरवत होते आणि तेवढ्यावर ती कधी आणि साधारण कुठं पडेल हे थोडंफार हलवत होते. वस्ती टाळून समुद्रावर.

"मग काही हरकत नाही," मिस्तरी म्हणाले. "हातात नुसतं बाजू फिरवणं राहिलंय, पण तेवढ्यातही कोणीतरी जागं राहून बघतंय. आणि तुला सांगतो, ती लिंबायतला येत नाही. समुद्र मोठा आहे."

पण गल्ली ऐकेना. जुलै आला तशी माणसं गावी निघाली. मरायचंच तर आपल्या भुईवर मरू. कारखान्यांत निम्मे माग बंद पडले. जे राहिले त्यांनी मरायच्या आधी खाऊन घेऊ म्हणून कोंबड्या कापल्या. माझ्या वर्गात अकरा मुलं उरली. मिस्तरी घरोघर जाऊन समजावत होते, आता मात्र कोणी त्यांना बघून दचकत नव्हतं. हे एक मला बरं वाटलं.

रेडिओनं सांगितलं, आज रात्रीपर्यंत पडेल. त्या दिवशी दुपारी सात-आठ जण आमच्या ओट्याशी जमले होते. सुकलाल म्हणाला, "मिस्तरी, पडणार नाही म्हणता ते ठीक. पण समजा पडलीच, तर काय करायचं ते तरी सांगा. रिक्षाखाली झोपू का?"

"काही करू नको," मिस्तरी म्हणाले. "धंद्याचा एकच कायदा. वजन उतरत असताना खाली उभं राहायचं नाही. बस."

मला स्पष्ट बोलायची सवय आहे. मी म्हणालो, "मग जिजी?"

"काय जिजी?"

"आख्ख्या गल्लीत सगळ्यात वर तीच आहे. पत्र्याला डोकं लावून. आम्ही पळून तरी जाऊ."

मिस्तरींनी आपल्या दाराकडे बघितलं. मग एकदम ओरडले, "बीएस्सी, तोंड सांभाळ! चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला माझा धंदा शिकवतोस?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सगळे उठून गेले. माय मला म्हणाली, "जीभ शे का कातर?"

पाच वाजता भिंतीवर थाप पडली. "बीएस्सी. सुकलालला घे. चार हात पाहिजेत."

आत गेलो तर खोलीची मधली जागा मोकळी केलेली. दोरांची वेटोळी भिंतीला सरकवली होती. मी शिडीनं वर गेलो आणि बघतच राहिलो. जिजीच्या डोक्यावर, आढ्याला लोखंडी आकडा पक्का बसवलेला. आकड्याला कप्पी, तेल दिलेली. भिंतीला टांगलेली पाय कापलेली खुर्ची, तिला मागाच्या यंत्राचा जुना चामडी पट्टा, पट्ट्याला आतून घोंगडीचं अस्तर हातानं शिवलेलं. आकड्याभोवती धूळ होती, पण कप्पी ताजी पुसलेली होती. हे सगळं आजचं नव्हतं.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"ती पडली त्या आठवड्यात," ते खालून म्हणाले. "तेल दर अमावास्येला देतो."

जिजीला आम्ही खुर्चीवर घेतलं. दोन वर्षांत ती अर्धी झाली होती. मी पट्टा बांधत होतो तर मला म्हणाली, "घट बांध मास्तर, लाजू नको." शिडी बाजूला काढली. मी वर, तिचं डावं अंग सांभाळायला. सुकलाल खाली, पाय झेलायला. माय दाराशी. मिस्तरींनी दोराला खांबाभोवती तीन वेढे दिले आणि शेवट दोन्ही हातांत घेतला. आता हाक द्यायची ती त्यांनीच. हाक दिल्याशिवाय खलाशी दोर सोडत नाही.

हाक येईना.

मी वरून बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ज्या माणसानं इंजिनं उतरवली, माझा बाप उतरवला, त्याला "सोड" म्हणता येत नव्हतं. सुकलाल म्हणाला, "मिस्तरी, बोला की." तरी नाही.

खुर्ची माळ्याच्या तोंडाशी लोंबत होती. मग जिजीनंच हाक दिली. जड जिभेनं, पण तिच्या त्या जुन्या, ओट्यावरच्या आवाजात.

"सोऽड."

दोर चार बोटं सुटला.

"धर. हां. सोऽड... धर. आस्ते. घाबरू नको ना, मी शे आठे. सोऽड..."

ती स्वतःला उतरवत होती आणि ते दोर सोडत होते. तिच्याकडे न बघता, खांबाला कपाळ टेकून. सुकलालनं तिचे पाय हातात घेतले आणि भुईला लावले. खुर्ची टेकली. आवाज झाला नाही.

मायनं आधीच घोंगडी अंथरली होती. जिजीला तिच्यावर, पाठीला उशी देऊन बसवलं. मिस्तरी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला कळलं ते काय करत आहेत. ते वाट बघत होते. आम्ही सगळेच. मायनं नेहमीच्या सवयीनं, न विचार करता, वाटीतलं पाणी आणि तुळशीचं पान पुढं केलं.

जिजीनं पान बघितलं. मग मायकडे बघितलं.

"तुळस कसाले वं? च्या ठेव."

कोणी हललं नाही.

"काय देखी राहिनात माले? मी खाले येवानं सांगं. दोन वरीस सांगी राहिनू. मरानं कव्हय सांगं?"

खाली यायचं म्हणत होती ती. ओट्यावर यायचं. मरायचं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं. दोन वर्षं, रोज, आम्ही भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ते ऐकलं होतं, आणि जमिनीवर घ्यायचं म्हणजे एकच गोष्ट हे आमच्या सगळ्यांच्या इतकं अंगात भिनलेलं होतं की बाई काय मागते आहे ते कोणाला समजलं नाही.

मिस्तरी भिंतीशी तसेच खाली बसले. चहा झाला. तिनं बशीतून प्यायला आणि म्हणाली, दाराशी न्या. आम्ही घोंगडीसकट तिला ओट्यावर नेलं. ती रात्र आमच्या गल्लीनं कशी काढली हे ऐकून बाहेरच्याला खोटं वाटेल. आकाशातून मरण येणार म्हणून जी माणसं दारं लावून बसली होती ती एकेक करून बाहेर आली, कारण जिजी ओट्यावर बसली होती. तिनं सुकलालच्या आजीला हाक मारली. कोणाची सून बाळंत झाली ते विचारलं. मला म्हणाली, "चप्पल." मिस्तरी तिच्या मागं दारात बसून होते. आकाशाकडं त्या रात्री त्यांनी एकदाही बघितलं नाही.

सकाळी रेडिओवर आलं, स्कायलॅब समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडली. मी धावत सांगायला गेलो.

"कोणाला लागलं?" त्यांनी विचारलं.

"कोणाला नाही."

"मग चांगलं उतरवलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि जिजीची वेणी घालत राहिले.

जिजी त्यानंतर सहा आठवडे होती. रोज सकाळी ओट्यावर, ऊन आलं की आत. ती हसायची, भांडायची, पोरांना अभ्यासाला बसवायची. मिस्तरींशी मात्र ती थोडं कमी बोलायची. रागानं नव्हे. मला वाटतं, त्या संध्याकाळी भुईवर बसून तिनं सांगितलं तेवढं पुरे होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी माय तिला हाक मारायला गेली तर ती भुईवर, कुशीवर, झोपेतच गेलेली होती. तुळशीचं पान द्यायलाही कोणी नव्हतं, मिस्तरी नळावर पाणी भरत होते. त्यांना वेळ कळली नाही.

तेराव्यानंतर त्यांनी माळा उतरवायला घेतला. मला बोलावलं. तीन दिवस लागले. एकेक फळी सोडवायची, भिंतीला उभी करायची, खिळे डब्यात टाकायचे. तिसऱ्या दिवशी तुळई निघाली आणि खोली एकदम पत्र्यापर्यंत उंच झाली. त्यांचं सामान ओट्यावर काढलेलं होतं. खाली नुसती फरशी, बरीच मोठी. ते मधोमध उभे राहून बघत होते.

"हिची खाट बसली असती इथं," ते म्हणाले. "दाराकडं तोंड करून."

मी फळीतला शेवटचा खिळा उपसून काढला.

"बीएस्सी, वरती ती काय म्हणायची ते तुला ऐकू यायचं?"

"यायचं."

"रोज?"

"रोज."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस? तू तर कोणालाही तोंडावर बोलतोस."

मी हातातला खिळा डब्यात टाकला.

"मला वाटलं, मिस्तरी, वेळ तुम्हाला कळते."